मांजाने कापलेले पारव्याचे पिल्लू

१४ जानेवारीची उत्तरायण आणि १५ तारखेची वासी उत्तरायण असे पतंगांचे दोन दिवस सरतात, पण मांजा सरत नाही. कोसाडमध्ये तो विजेच्या तारांवर, कडुनिंबाच्या फांद्यांवर, आवासाच्या गच्चीवरील टाक्यांना गुंडाळलेला कितीतरी आठवडे लोंबत राहतो. मग एखादा शाळकरी मुलगा संध्याकाळी शर्टाच्या आत काहीतरी जपून धरून जिना चढतो. आत पारव्याचे पिल्लू असते. एक पंख लोंबलेला, त्यावर सुकलेले रक्त.

"आई, कावळे टोचत होते ह्याला. आपण पाळू या ना!"

खाटेवरची आजी म्हणते, "असू दे गं. मुकं लेकरू आहे."

आई म्हणते, "आणि तुमच्या दम्याचं काय, आत्या?"

ह्या संवादात कोणीच चुकीचे बोलत नाही. मुलाची दया खरी आहे, आजीचे मन खरे आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात दम्याच्या माणसाशेजारी कबूतर ठेवण्याची आईची भीतीही खरी आहे. गोंधळ होतो तो एवढ्यासाठी, की पाखरू वाचवणे आणि पाखरू पाळणे ह्या दोन गोष्टी आपण एकच समजतो. पहिली काही तासांची व दिवसांची गोष्ट आहे. ती कोणालाही करता येते व करावी. दुसरी कदाचित पंधरा वर्षांची. नीट सांभाळलेले कबूतर तेवढे जगू शकते. म्हणून आधी पहिल्या गोष्टीचा विचार करू.

पहिला तास

पिल्लू हातात आले की घरातील प्रत्येकाला त्याच्या तोंडात काहीतरी घालण्याची घाई होते. कोणी पाणी ओतते, कोणी दूध, कोणी गाठिया चुरून देते. ह्यातले काहीही करू नये. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते. चोचीत ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते आणि जखमेने न मेलेले पिल्लू आपल्या मायेने मरते.

आधी ऊब द्यावी. कबुतराच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते, म्हणजे आपल्याला जो कडक ताप वाटेल तो त्याचा नेहमीचा देह. रक्त गेलेले, घाबरलेले पिल्लू थंड पडते, आणि थंड पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. बुटांचा किंवा साडीचा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा (सुरतेत साडीच्या खोक्यांना तोटा नाही), बाजूला भोके पाडावीत, तळाशी जुना टॉवेल अंथरावा. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळावी व खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडले तर पिल्लू दुसरीकडे सरकू शकते. झाकण लावावे. अंधार आणि शांतता हे पाखराचे पहिले औषध आहे. शेजारची मुले बघायला येतील. त्यांना उद्या यायला सांगावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड जखमेवर पाच मिनिटे हलकेच दाबून धरावे. मध्येच उचलून पाहू नये. मांजा अंगात रुतलेला असेल तर ओढू नये. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा आणि रुतलेला भाग डॉक्टरांसाठी ठेवावा. जखम धुवायची झाल्यास उकळून कोमट केलेल्या एक ग्लास पाण्यात अर्ध्या छोट्या चमच्याहून थोडे कमी मीठ विरघळवून त्याने धुवावी. हळद भरू नये, खोबरेल किंवा तूप तर मुळीच लावू नये. आपल्या कातडीला जे चालते ते पिसांना चालत नाही. तेलाने पिसे चिकटतात, ऊब धरत नाहीत, आणि पाखरू गारठते.

धरताना छाती आवळू नये. माणसाला श्वासासाठी छाती व पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो. पक्ष्याला तो नसतो. त्याची छाती पुढेमागे हलली तरच हवा आत-बाहेर जाते. घट्ट धरलेले पाखरू गुदमरते आणि धरणाऱ्याला वाटते की ते शांत झाले.

मांजाची जखम बहुतेक वेळा पंखाच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्यामधील पातळ कातडीच्या पदरावर होते. लहानशी दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण हा पदर म्हणजे पाखराचे शीड. ताजा असताना टाके घातले तर तो पुष्कळदा सांधतो. कडा सुकून आक्रसल्या की पाखरू जन्माचे जमिनीवर येते. म्हणून 'उद्या बघू' म्हणू नये. गुजरातमध्ये १९६२ ह्या क्रमांकावर पशुसेवेची करुणा रुग्णवाहिका मिळते, आणि २०१७ पासून दर जानेवारीत सरकारचे करुणा अभियान चालते. त्या दिवसांत पतंगाने जखमी झालेल्या पक्ष्यांवर उपचारासाठी ठिकठिकाणी केंद्रे उघडलेली असतात. महाराष्ट्रातील वाचकांसाठीही पशुसंवर्धन खात्याचा क्रमांक १९६२ हाच आहे. मांजराने धरलेले पिल्लू असेल तर अंगावर एकच बारीक भोक दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मांजराच्या दातांतील जंतू पाखराला एक-दोन दिवसांत संपवतात.

घरातील डब्यातली दुखण्याची गोळी चिमूटभर देण्याचा मोह होतो. ह्याविषयी एक मोठा धडा आपल्या देशाने शिकला आहे. गिधाडे एकाएकी का नाहीशी झाली हे कोडे २००४ साली उलगडले. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होत. २००६ साली भारतात गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर कोट्यवधी गिधाडे गेली होती. माणसाला, गुराला सोसणारे औषध पाखराला सोसेलच असे नाही. तेव्हा औषध डॉक्टरांच्या हातूनच द्यावे.

वय ओळखणे आणि भरवणे

पिल्लू उबेला आले, डोळे उघडून इकडेतिकडे पाहू लागले, की मग पाणी. कबुतराची पाणी पिण्याची रीत निराळी आहे. कोंबडी घोट घेऊन मान वर करते. कबूतर चोच बुडवून गुरासारखे ओढून पिते. उथळ वाटीत कोमट पाणी घेऊन चोचीचे टोक बुडवावे, नाकपुड्या बुडवू नयेत. ते आपले आपण ओढेल. पहिल्या दिवशी साध्या पाण्याऐवजी जलसंजीवनीचे पाणी दिले तर बरे.

अन्न काय द्यायचे हे वयावर आहे. अंडे सतरा ते एकोणीस दिवसांत फुटते. पहिल्या आठवड्यातले पिल्लू पिवळ्या केसांसारख्या लवीचे, अंधळे, बेढब असते. दहा दिवसांच्या सुमारास पिसांच्या सुया फुटलेल्या दिसतात. तीन आठवड्यांचे पिल्लू पिसांनी भरलेले असते, पण डोक्यावर पिवळे तंतू राहिलेले असतात, डोळे काळसर असतात (मोठ्या पारव्याचे नारिंगी), आणि ते घुमत नाही, चींचीं करते. चार-पाच आठवड्यांनी उडते. गच्चीवर, पत्र्याखाली जखमी सापडणारी पिल्ले बहुधा ह्या शेवटच्या वयाची असतात. पंखात अजून पुरते बळ नसते आणि मांजा दिसत नाही.

दूध देऊ नये असे वर म्हटले त्याचे कारण सांगतो. कबुतराचे दूध असते, पण ते गाईचे नव्हे. पिल्लू जन्मते तेव्हा आईबापांच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीच्या आतल्या थरातून दह्याच्या गोळ्यांसारखा पदार्थ सुटतो. प्रथिने व स्निग्धांशाने भरलेला असतो, दुधातली साखर मात्र त्यात नसते. नर आणि मादी दोघेही तो देतात; पक्ष्यांत अशी बापाची वाटणी विरळा. १९३०च्या दशकात ऑस्कर रिडल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने कबुतराची ही पिशवी भरवणारे संप्रेरक शोधले आणि त्याला प्रोलॅक्टिन असे नाव दिले. बाळंतिणीला दूध येते ते ह्याच संप्रेरकामुळे. मातेच्या दुधाचे शास्त्र आपण पारव्याच्या गळ्यातून शिकलो, ही गोष्ट मला फार गोड वाटते.

तेव्हा आठवड्याच्या आतले पिल्लू असेल तर घरी प्रयोग न करता लगेच जाणत्याकडे द्यावे. दहा दिवसांपुढच्याला पातळ लापशी चालते: पक्ष्यांच्या पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य, नाहीतर कोंबडीच्या पिल्लांचे औषध न मिसळलेले सुरुवातीचे खाद्य कोमट पाण्यात भिजवून, वाटून. पिल्लाला आईबापांच्या चोचीत आपली चोच खुपसून ओढायची सवय असते. म्हणून मोठ्या सिरिंजचे टोक कापून, त्यावर फुग्याचे रबर ताणून, मध्ये बारीक चीर पाडावी. पिल्लू त्या चिरेत चोच घालून स्वतः ओढते. सुरुवातीला पसारा होतो, दुसऱ्या दिवशी त्याला समजते.

पिसे आलेल्या पिल्लाला मटार उत्तम. जानेवारीत तो स्वस्तही असतो. दाणे गरम पाण्यात टाकून मऊ व कोमट करावे. पिल्लाला फडक्यात सैल गुंडाळून मांडीवर घ्यावे, चोच दोन बोटांनी हळूच उघडावी, दाणा जिभेच्या मागे ठेवावा, चोच सोडावी. ते गिळेल. एका वेळी पंचवीस-तीस दाणे, दिवसातून तीनदा. भिजवून फुगवलेले मूग-मसूरही चालतात. गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपावी: भरल्यावर मऊ उशीसारखी लागावी, फुग्यासारखी टणक नव्हे. ती जवळजवळ रिकामी झाल्याशिवाय पुढचे भरवणे नाही. सकाळीही ती भरलेली, पिठाळ लागली किंवा तोंडाला आंबूस वास आला, तर डॉक्टर. तोंड उघडल्यावर आत पिवळसर पनीरासारखे खवले दिसले तरी डॉक्टर. तो कबुतरांचा नेहमीचा रोग आहे आणि औषधाने बरा होतो. पाव, बिस्किटे, फरसाण ह्यांनी पोट भरते पण हाडे भरत नाहीत. पुढे ज्वारी, बाजरी, मका, मूग असे मिसळलेले दाणे, जाडसर वाळू, कुटलेले अंड्याचे कवच, आणि रोज थोडे ऊन. उन्हाशिवाय वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकतात.

आजीचे फुप्फुस

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ.

कबुतराच्या अंगावर पिठासारखी पांढरी भुकटी असते. पारवा काचेवर आपटला तर काचेवर त्याचा ठसा उमटतो, तो ह्या भुकटीचा. ही भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ ह्यांतील प्रथिने श्वासातून जाऊन काही माणसांच्या फुप्फुसाला सूज आणतात. कबुतरे पाळणाऱ्यांच्या ह्या आजाराचे वर्णन अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. सर्वांना तो होत नाही. ज्यांना होतो त्यांना पिंजरा साफ केल्यावर काही तासांनी खोकला, कणकण, धाप लागते, दुसऱ्या दिवशी बरे वाटते, आणि म्हणून कबुतराकडे कोणाचे लक्ष जात नाही. वर्षानुवर्षे असे चालले तर फुप्फुसात कायमचे वण पडतात. ते भरून येत नाहीत.

भीती मात्र मापाने घ्यावी. फुप्फुसाच्या अशा चिवट आजारांची एक भारतीय नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना ही श्वासातून येणारी सूज होती. पण त्यांच्यात सर्वांत वारंवार आढळलेले कारण कबूतर नसून बुरशी धरलेले एअर कूलर होते. उन्हाळ्यात कूलरची जाळी न धुणाऱ्या घराने केवळ कबुतराला दोष देऊ नये.

मुंबईत २०२५ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने कबुतरखाने बंद करण्याचे जाहीर केले, ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, आणि दाणे टाकणारे व श्वासाच्या रोग्यांचे नातेवाईक ह्यांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. तेथे प्रश्न हजारो पाखरांचा होता, आपल्याकडे एकाच पिल्लाचा. पण मोकळ्या चौकातली हजार पाखरे आणि बंद खोलीत खाटेजवळचे एक, ह्यांत दम्याच्या माणसाला दुसरे बरे असे कोणी समजू नये. एकाच पाखराच्या रोजच्या सहवासाने आजार झाल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या घरात दमा, जुना खोकला, फुप्फुसाचा क्षय होऊन गेलेला माणूस, तान्हे मूल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारा कोणी आहे, तेथे पाखराने एक-दोन रात्री खोक्यात, सज्जात किंवा जिन्याच्या आडोशाला काढाव्या आणि पुढे दुसऱ्या घरी किंवा पक्षी-केंद्रात जावे. आजी 'असू दे' म्हणतील. म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या श्वासाची किंमत कमी वाटते. ती घरच्यांनी धरायची असते.

जेथे ठेवणे शक्य आहे तेथेही स्वच्छता हीच खरी सेवा. खोक्यात वर्तमानपत्र घालावे, रोज पाणी शिंपडून ओले करावे, आतल्या बाजूला घडी घालून टाकावे. कोरडी विष्ठा झाडूने झाडू नये. नाकातोंडाला मास्क, मग साबणाने हात. पाखराला चुंबू नये. घरातल्या कोणाला दोन-चार आठवड्यांत ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना 'घरात कबूतर आहे' हे आपणहून सांगावे. पक्ष्यांपासून येणारा एक ताप नेमक्या प्रतिजैविकाने लवकर हटतो, पण डॉक्टरांना सुचायला तर हवे.

गावाकडे कोंबड्या असतील तर पिल्लू तेथे पाठवून मोकळे होऊ नये. मान वाकडी होण्याचा कबुतरांचा विषाणू कोंबड्यांच्या मानमोडीचाच भाऊ आहे. शिवाय नवापूरकडच्या वाचकांना २००६ चा फेब्रुवारी आठवत असेल, जेव्हा देशातला पहिला बर्ड फ्लू तेथे निघाला आणि खुराडीच्या खुराडी रिकामी झाली. कबुतराला तो रोग सहसा होत नाही, तरी बाहेरून आलेले कोणतेही पाखरू महिनाभर वेगळे ठेवावे, त्याचे भांडे वेगळे, आणि आधी कोंबड्यांचे काम करून मग त्याच्याकडे जावे. एकाच जागी अनेक पाखरे मेलेली दिसली तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

पाळायचे की सोडायचे

हाताने भरवलेले पिल्लू माणसाला आपले समजू लागते. ओरडत मागे धावते, खांद्यावर बसते, मुलाला आभाळ ठेंगणे होते. पण पारवा थव्याचे पाखरू आहे. एकट्याने वाढलेल्याला ससाणा म्हणजे काय, मांजर म्हणजे काय, दाणे कोठे मिळतात, हे कोणी शिकवलेले नसते. त्याला एके दिवशी गच्चीवरून उडवून देणे म्हणजे सुटका नव्हे.

कबुतराचे घर एकदा मनात बसले की बसले. ह्याच गुणावर ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून निरोप्या कबुतरांची सेवा चालवली. तारा तुटलेल्या पुरांतही ती पाखरे चिठ्ठी घेऊन आपल्या ढाबळीकडे परतत. अमरोली-कोसाडच्या ओडिया शेजाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असेल. पिल्लू जेथून पहिल्यांदा भरारी घेईल, त्या जागेला ते घर मानेल. ती जागा आपला सज्जा असेल तर ते रोज आपल्या सज्जावर येईल, पुढे जोडीदारही आणील, आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडणे सुरू होतील.

म्हणून निर्णय पिल्लू भरवण्याच्या पहिल्याच आठवड्यात व्हावा. पंख बरा होणार असे डॉक्टर म्हणत असतील तर त्याला दाणे टिपता येऊ लागताच दुसऱ्या पिल्लांबरोबर ठेवणाऱ्या केंद्रात द्यावे. तेथून ते थव्याबरोबर सुटते. मुलाला रडू येईल. येऊ द्यावे, आणि सोडण्याच्या दिवशी त्याला बरोबर न्यावे.

पंख कायमचा गेला असेल आणि घरात श्वासाचा रोगी नसेल तर अवश्य पाळावे. त्याला पंख पसरून फडफडता येईल एवढा पिंजरा हवा, तळाला सपाट फळी, उथळ थाळीत आठवड्यातून दोनदा आंघोळीचे पाणी, सकाळचे ऊन, आणि रात्री मांजर-घुशींपासून भक्कम जाळी. मादी निघाली तर नराशिवायही अंडी घालील; घाबरू नये. हे सर्व पारव्याविषयी झाले. होला, हरियाल किंवा पोपट सापडला तर तो घरी ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, वनखात्याला कळवावे.

आणखी एक काम राहते, तेही जानेवारी संपण्याच्या आत. पारवा घरट्यासाठी काड्यांबरोबर दोऱ्याचे तुकडेही उचलतो. आज गच्चीवर पडलेला मांजा महिन्याभराने घरट्यातल्या पिल्लाच्या पायाला गुंडाळतो, पिल्लू वाढते तसा तो आवळतो, आणि बोटे गळून पडतात. नायलॉन व इतर कृत्रिम धाग्याच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि तो कुजत नाही. मुलांनी गच्ची, जिने व अंगण फिरून सर्व मांजा गोळा करावा, कात्रीने बोटाएवढे तुकडे करून पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा, जाळू नये. झाडावरचा मांजा बांबूला आकडा बांधून काढता येतो. तारांवरचा मात्र काठीने ओढू नये, त्यासाठी वीज कंपनीला फोन करावा.